३३ हजार की दोन कोटी? देव मानणारे-न मानणारे कसे मोजतात

२०११ च्या जनगणनेत १२१ कोटी भारतीयांपैकी जेमतेम ३३ हजार जणांची नोंद 'नास्तिक' अशी झाली. त्यात महाराष्ट्र पहिला, ९,६५२ माणसं. मग मेघालय, मग केरळ. पुढच्याच वर्षी विन-गॅलप या जागतिक पाहणीचे निकाल आले. त्यात ३ टक्के भारतीयांनी स्वतःला 'पक्के नास्तिक' म्हटलं होतं आणि आणखी १३ टक्क्यांनी 'धार्मिक नाही'. ३ टक्के प्रौढ म्हणजे दोन कोटींच्या वर माणसं.

वर्षभरात ३३ हजारांचे दोन कोटी होत नाहीत. आणि दोन्हीकडे कोणी आकडे ठोकून दिले होते, असंही नाही. दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या आणि बातमीत दोन्हींना एकच नाव पडलं: 'भारतातले नास्तिक'. धर्माबद्दलचा कुठलाही आकडा समोर आला की तो कसा उलगडायचा, यासाठी ही तफावत उत्तम नमुना आहे. ती पायरीपायरीने सोडवू. शेवटी, तुम्हाला स्वतःला कॉलेजात किंवा सोसायटीत अशी पाहणी करायची असेल, तर प्रश्न कसे लिहावेत तेही बघू.

पायरी पहिली: मूळ प्रश्न हुडकून काढा

टक्केवारी नंतर. आधी प्रश्न, शब्दशः.

जनगणनेच्या अर्जात देवाबद्दल एक अक्षरही नसतं. 'धर्म' एवढाच रकाना. सहा धर्मांना आकडी खुणा दिलेल्या: हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन. बाकी कोणी काही वेगळं सांगितलं, तर प्रगणकाने ते नाव पूर्ण लिहायचं. म्हणजे ३३ हजार हा आकडा देव न मानणाऱ्यांचा नाहीच. धर्माच्या रकान्यात 'नास्तिक' हा शब्द ज्यांच्या नावापुढे लिहिला गेला, त्यांचा आहे. घरात देव्हारा नाही, देव नाही असं ठाम मत आहे, पण धर्म विचारल्यावर 'हिंदू' म्हणून मोकळा होणारा माणूस त्यात येत नाही. ज्यांचा धर्म नोंदलाच गेला नाही असे २८ लाखांहून जास्त लोक वेगळेच होते. त्यातले किती ठरवून गप्प बसले आणि किती जणांच्या बाबतीत रकाना नुसता कोरा राहिला, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

विन-गॅलपचा प्रश्न साधारण असा होता: तुम्ही प्रार्थनास्थळी जात असा वा नसा, स्वतःला धार्मिक म्हणाल, धार्मिक नाही असं म्हणाल, की पक्के नास्तिक? तीन पर्याय समोर मांडून ठेवलेले, त्यात 'नास्तिक' हा एक तयार पर्याय. पर्याय समोर असला की त्याला मतं पडतात. ऑस्ट्रेलियाने २०१६ च्या जनगणनेत 'कोणताही धर्म नाही' हा पर्याय यादीच्या तळातून उचलून सगळ्यात वर ठेवला. त्या वर्षी निधर्मींचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेलं. सगळी वाढ जागा बदलल्यामुळे झाली असं म्हणता येणार नाही, कारण प्रमाण आधीपासून चढतंच होतं आणि २०२१ मध्ये ते जवळपास ३९ टक्के झालं. पण २०११ आणि २०१६ यांची तुलना करताना ही गोष्ट बाजूला ठेवून चालत नाही.

ब्रिटनमध्ये तर शब्दांचा फरक उघड दिसतो. तिथली जनगणना विचारते, 'तुमचा धर्म कोणता?' म्हणजे धर्म आहे हे गृहीतच. २०११ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये २५ टक्के लोकांनी 'कोणताही नाही' म्हटलं. त्याच सुमारास तिथल्या सामाजिक वृत्तींच्या वार्षिक पाहणीत प्रश्न होता, 'तुम्ही स्वतःला कोणत्या एखाद्या धर्माचे समजता का?' तिथे निम्म्याच्या आसपास लोकांनी 'नाही' सांगितलं. साधारण तेच लोक, तीच वर्षं. फरक त्या शेवटच्या 'का?'चा.

पायरी दुसरी: आकडा कशाचा? नाव, श्रद्धा की आचार

धर्म मोजताना तीन वेगळ्या गोष्टी मोजता येतात. मी कोणाचा म्हणवतो, मला काय खरं वाटतं, आणि मी काय करतो. या तिन्ही एकाच माणसात एका रांगेत उभ्या असतील, असं मोजणाऱ्याने कधीही धरू नये.

आपल्याकडे याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. गणपतीचे दीड दिवस घरी आरती म्हणणारा, मोदकांवर ताव मारणारा आणि देव वगैरे काही नसतो म्हणणारा मुलगा प्रत्येक घरात एक तरी असतो. उलट देवाचं काही करत नाही, पण मुलीच्या लग्नाला मुहूर्त काढल्याशिवाय हॉल बुक करत नाही, असेही असतात. पहिल्याला आचारावरून आस्तिक धरलं तर चूक, दुसऱ्याला बोलण्यावरून नास्तिक धरलं तरी पंचाईत.

बौद्धांचं उदाहरण तर मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात बोलकं वाटतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. त्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही अशी. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या भागात अडीच हजारांच्या आसपास बौद्ध होते. १९६१ मध्ये सुमारे २७ लाख ९० हजार. २०११ मध्ये ६५ लाख, देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त. जनगणनेच्या तक्त्यात हे सगळे 'धर्म असलेले'.

आता प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेची भारतातली पाहणी बघा. नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळात १७ भाषांमधून जवळपास ३० हजार प्रौढांच्या समोरासमोर मुलाखती. एकूण ९७ टक्के म्हणाले, देव आहे. पण बौद्धांपैकी एक तृतीयांश म्हणाले, आम्ही देव मानत नाही. ढोबळ हिशोब केला, मुलाबाळांसकट, तर पंचवीस-तीस लाखांचा हा गट होतो. ३३ हजारांच्या साधारण ८५ पट माणसं एका बौद्ध समाजातच सापडली, आणि तीही स्वतःचा धर्म अभिमानाने सांगणारी. त्यांना 'नास्तिक' या खान्यात टाकायचं का? देव न मानणारे या अर्थाने हो. धर्म नसलेले या अर्थाने अजिबात नाही.

याच्या नेमका उलटा प्रकार मुंबई उच्च न्यायालयात आला होता. काही अर्जदारांना राजपत्रात आपण आता कोणत्याच धर्माचे नाही असं प्रसिद्ध करायचं होतं. शासकीय मुद्रणालयाने नकार दिला. येशूवर त्यांची श्रद्धा होती, पण ख्रिस्ती धर्म काय, कुठलाच धर्म त्यांना नको होता. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की माझा कोणताही धर्म नाही असं म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि सरकारी यंत्रणा कोणाला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. देव मानणारे आणि धर्म नाकारणारे. यांना 'निधर्मी' म्हणून मोजलंत तर बरोबर, 'नास्तिक' म्हणून मोजलंत तर साफ चूक.

जपानमध्ये याचा कळस होतो. बहुतेक लोक पाहणीत 'माझा काही धर्म नाही' म्हणतात आणि नववर्षाला देवळात रांगा लावतात. तिथलं सरकारी धर्म-वार्षिक मात्र देवळांनी आणि विहारांनी कळवलेली अनुयायांची संख्या जोडतं, आणि बेरीज देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरते.

पायरी तिसरी: शब्द मराठीत काय अर्थाने पोचला?

इथे थोडं थांबावं लागेल, कारण बहुतेक प्रश्नावल्या आधी इंग्रजीत तयार होतात आणि मग आपल्या भाषेत येतात.

'नास्तिक' हाच शब्द घ्या. जुन्या परंपरेत त्याचा अर्थ देव न मानणारा असा नाही. मनुस्मृतीची व्याख्या सरळ आहे: 'नास्तिको वेदनिन्दकः'. वेद न मानणारा तो नास्तिक. त्या हिशोबाने जैन, बौद्ध आणि चार्वाक नास्तिक. आणि जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक मात्र आस्तिक. आज बोलताना हा अर्थ आपल्या मनात नसतो, पण शब्दाला चिकटलेला निंदेचा वास गेलेला नाही. आजी नातवाला 'नास्तिक मेला' म्हणते तेव्हा ती त्याच्या तत्त्वज्ञानाबद्दल बोलत नसते. म्हणून 'तुम्ही नास्तिक आहात का?' या प्रश्नाला 'हो' म्हणणारे नेहमी कमी भरतात.

मग 'मानणे'. 'मी जात मानत नाही' असं म्हणणाऱ्याला जात अस्तित्वात आहे हे चांगलं ठाऊक असतं. तो तिला किंमत देत नाही, एवढंच. 'मी भुतं मानत नाही' म्हणणारा मात्र भुतं नसतातच असं सांगत असतो. आता 'मी देव मानत नाही' हे यातलं कुठलं? दोन्ही असू शकतं. 'विश्वास' त्याहून फसवा. घरात अकाली मृत्यू झाला की माणूस म्हणतो, माझा देवावर विश्वास नाही राहिला. तो देवावर रागावलाय. जो नाहीच त्याच्यावर कोण रागावेल?

'धार्मिक' हा तिसरा खड्डा. वर्षानुवर्षं वारीला जाणारा माणूसही म्हणू शकतो, धार्मिक वगैरे नाही हो, विठ्ठलाचं वेड आहे. त्याच्या कानाला धार्मिक म्हणजे सोवळंओवळं, पोथ्या, होमहवन. आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारा प्रत्येक कार्यकर्ता देव नाकारणारा असतो हा समजही तपासून घ्यावा. डॉ. नरेंद्र दाभोलकर सतत सांगत की आमचा विरोध देवाधर्माला नाही, त्यांच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीला आणि शोषणाला आहे.

तेव्हा मराठीतल्या किंवा हिंदीतल्या पाहणीचा आकडा वाचताना नेमका शब्द कोणता वापरला ते बघा. अहवालाच्या शेवटी प्रश्नावली जोडलेली असते. नसेल, तर त्या आकड्यावर पैज लावू नका.

पायरी चौथी: उत्तर कोणी दिलं, आणि ऐकायला कोण होतं

प्रगणक दुपारी येतो. दार आजोबा उघडतात. सात माणसांचा धर्म एका दमात सांगून होतो. पुण्यात हॉस्टेलवरून सुट्टीला आलेली, देवाबद्दल ठाम मतं असलेली नात आतल्या खोलीत असते आणि तिच्या नावापुढेही तोच आकडा पडतो. जनगणनेत एकजण सगळ्या घराचं सांगतो. राष्ट्रीय नमुना पाहणीतही कुटुंबाचा धर्म एकच नोंदला जातो. ३३ हजारांचं एक मोठं स्पष्टीकरण मला इथेच दिसतं. प्यूसारख्या पाहणीत एका घरातल्या एका प्रौढाला त्याचं स्वतःचं विचारलं जातं.

तरी समोर अनोळखी माणूस बसलेला असतोच, आणि मागे सासूबाई चहा ठेवत असतात. चांगलं दिसावं म्हणून उत्तर देण्याची ओढ सगळीकडे आहे. अमेरिकेत ४० टक्के लोक आठवड्याला चर्चला जातो म्हणायचे. १९९३ मध्ये तिघा समाजशास्त्रज्ञांनी ओहायो राज्यातल्या अ‍ॅशटाब्युला परगण्यात चर्चमध्ये प्रत्यक्ष हजर असणारी माणसं मोजली. प्रॉटेस्टंटांपैकी ३६ टक्क्यांनी जातो म्हटलं होतं, प्रत्यक्ष भरले २० टक्के. त्यामागे सरळ खोटेपणा असतोच असं नाही. 'मी चर्चला जाणाऱ्यांपैकी आहे' हे सांगायला माणूस हजेरीचा प्रश्न वापरून घेतो.

याच्या उलट टोकाला इराण. जनगणनेत ९९ टक्क्यांहून जास्त मुस्लिम. २०२० मध्ये गमान या संस्थेने नाव न घेता ऑनलाइन विचारलं तेव्हा फक्त ३२ टक्क्यांनी स्वतःला शिया मुस्लिम म्हटलं. जिथे धर्म सोडणं धोक्याचं आहे तिथे पडद्याआडून दिलेलं उत्तर मोलाचंच. पण ती लिंक ज्यांच्यापर्यंत पोचली आणि ज्यांनी भरली, ते सगळ्या इराणचा नमुना आहेत का, हा प्रश्नही तितकाच खरा. खरा आकडा दोघांच्या मधे कुठेतरी असणार, आणि 'मधे कुठेतरी' याहून नेमकं बोलणाऱ्यापासून सावध राहावं.

पायरी पाचवी: उत्तराला काही किंमत मोजावी लागते का?

हे चटकन सांगतो, कारण आपल्याकडे सगळ्यांना आतून माहीत आहे. धर्माचा रकाना कोरडा नसतो. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. शिखांना १९५६ मध्ये, बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. त्यामुळे दाखल्यावर काय लिहायचं आणि जनगणनेत काय सांगायचं, यावर कित्येक घरांत वर्षानुवर्षं खल झाला. हिंदू विवाह कायद्यापुरतं बोलायचं तर मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी आणि ज्यू सोडून बाकी जवळपास सगळे त्याच्या कक्षेत येतात; जन्माने हिंदू असलेला नास्तिकही. मग वेगळं लिहून घ्यायची उठाठेव कोण करणार?

खुणेचा आकडा नसलेल्या धर्मांचंही तेच. २०११ मध्ये ४९ लाखांहून जास्त लोकांनी 'सरना' आणि दहा लाखांच्या आसपास लोकांनी 'गोंडी' ही आदिवासी धर्मांची नावं आग्रहाने लिहून घेतली. जिथे सांगणाऱ्याने आग्रह धरला नाही तिथे सहा खुणांपैकी एक टाकणं प्रगणकाला सोपं. मोजणाऱ्याला चौकटी हव्या असतात आणि माणसं त्यात मावत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. १९११ च्या मुंबई इलाख्याच्या जनगणनेत गुजरातेतल्या काही समाजांसाठी 'हिंदू-मुहम्मदन' असा वेगळा वर्ग करावा लागला होता, कारण दोन्हीकडच्या चालीरीती पाळणाऱ्यांना कुठे घालायचं हेच कळेना.

पायरी सहावी: लहान टक्क्यांवर संशय घ्या

हजार माणसांच्या पाहणीत ५० टक्क्यांच्या आसपासच्या उत्तराला साधारण ३ टक्के इकडेतिकडे धरतात. उत्तर ३ टक्के असेल तर ही मर्यादा एका टक्क्याच्या आसपास येते, म्हणजे २ ते ४. विन-गॅलपच्या अहवालाप्रमाणे २००५ ला ४ टक्के भारतीय पक्के नास्तिक होते आणि २०१२ ला ३. यावरून नास्तिकता घटली असा मथळा देणं म्हणजे वाऱ्यावर वरात.

त्याहून मोठी चूक नमुन्याच्या गणितात दिसतच नाही. हजारात खरे नास्तिक २० आहेत असं धरा. उरलेल्या ९८० पैकी फक्त १ टक्क्याने गोंधळून, घाईत किंवा गंमत म्हणून चुकीच्या चौकटीत खूण केली, तरी १० खोटे नास्तिक वाढले. तुम्हाला ३० दिसतात आणि त्यातला दर तिसरा चुकीचा. आस्तिकांच्या ९८० मध्ये दहाची घट कोणाच्या लक्षातही येत नाही. प्यूने २००७ मध्ये अमेरिकेत केलेल्या मोठ्या पाहणीत स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांनी पुढच्या प्रश्नात देव किंवा विश्वशक्ती मानतो असं सांगितलं, त्यात असला गोंधळ आणि शब्दाचा वेगळा अर्थ दोन्ही असावेत. आणि गंमत म्हणाल तर २००१ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या ३ लाख ९० हजार लोकांनी धर्म 'जेडाय' लिहिला होता. 'स्टार वॉर्स' सिनेमातला.

पायरी सातवी: लपलेलं उत्तर काढायच्या युक्त्या

नाण्याची युक्ती वॉर्नर या संशोधकाने १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून आली. उत्तर देणारा एकटाच नाणं उडवतो. छापा पडला तर काहीही असो 'हो' म्हणायचं. काटा पडला तर खरं सांगायचं. 'हो' कशामुळे आलं हे कोणालाच कळत नाही, म्हणून भीती नाही. शंभरात ६० 'हो' आले, तर ५० छाप्याचे समजा. उरलेल्या ५० जणांतले १० खरे, म्हणजे २० टक्के.

दुसरी यादीची. एका गटाला पाच साधी विधानं द्यायची, दुसऱ्याला तीच पाच आणि सहावं 'मी देव मानत नाही'. कोणती लागू आहेत ते सांगायचं नाही, किती लागू आहेत तेवढंच. दोन सरासऱ्यांतला फरक ०.१२ आला तर अंदाज १२ टक्के. विल गर्वे आणि मॅक्सीन नाजले या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत दोन-दोन हजारांच्या दोन नमुन्यांवर हे केलं आणि त्यांचा अंदाज २६ टक्क्यांच्या घरात आला. सरळ विचारल्यावर ३ ते ११ टक्केच सापडतात.

पण मोहात पडू नका. या युक्त्या गुप्ततेची किंमत अचूकतेत वसूल करतात. नाण्याच्या खेळात शंभर माणसांवर आलेले २० टक्के म्हणजे खरं तर जवळपास शून्य ते चाळीसमधलं काहीही. यादीच्या पद्धतीत पाचशे-पाचशेचे गट घेतले तरी १२ अधिक-उणे १२ अशी गत होते.

मधेच: आपला स्वतःचा अंदाज

पाहणी नको, आपल्या आजूबाजूला दिसतं ना, असं म्हणणाऱ्यांसाठी. २०२२ मध्ये यूगव्ह या पाहण्या करणाऱ्या कंपनीने अमेरिकनांना अंदाज विचारले. नास्तिक किती? ३३ टक्के. पाहण्यांमध्ये आढळणारे: ३. मुस्लिम? अंदाज २७, खरे १. ख्रिश्चन मात्र ७० असताना अंदाज ५८. फ्रान्समध्ये २०१४ ला लोकांना वाटत होतं ३१ टक्के मुस्लिम आहेत, होते ८ च्या आसपास. यात पूर्वग्रह असतोच, पण सगळा पूर्वग्रह नाही. खात्री नसली की माणूस लहान आकडा फुगवतो आणि मोठा आखडतो, मधल्याकडे सरकतो. म्हणून 'आमच्या ग्रुपमध्ये अर्धे नास्तिक आहेत' हे वाक्य मी कितीही प्रेमाने ऐकलं तरी वहीत लिहीत नाही.

पायरी आठवी: स्वतः प्रश्नावली करताना

नाव, श्रद्धा आणि आचार यांचे प्रश्न वेगळे ठेवा, आणि 'नास्तिक' शब्द शेवटी आणा. मी असं लिहीन:

'तुम्ही वाढलात त्या घराचा धर्म कोणता?' आणि लगेच, 'आज तुम्ही स्वतःला कोणत्या एखाद्या धर्माचे समजता का?' पहिल्यामुळे दुसऱ्याला मोकळं 'नाही' म्हणता येतं. घरच्यांचं नाव आधीच लागलेलं असतं.

मग श्रद्धा, 'मानणे' टाळून: 'देव खरोखर आहे असं तुम्हाला वाटतं का?' पर्याय पाच: 'आहे, खात्री आहे'; 'बहुतेक असावा'; 'सांगता येत नाही'; 'बहुतेक नसावा'; 'नाही, खात्री आहे'. देवाऐवजी 'एखादी शक्ती' म्हणणाऱ्यांसाठी वेगळा प्रश्न करा. दोन्ही एकाच वाक्यात कोंबले की 'हो' फुगतं आणि कशाला 'हो' ते कळत नाही.

आचारासाठी 'तुम्ही नियमित पूजा करता का?' कधीच नको. 'गेल्या सात दिवसांत' असं बांधून विचारा: पूजा, नमाज, प्रार्थना, वंदना. उपास, नवस, मुहूर्त, पत्रिका यांचा गट वेगळा.

कागद ज्याचा त्याने भरावा, नाव नको, घडी करून पेटीत टाकावा. आधी दहा-बारा जणांवर प्रश्न चालवून बघा आणि नंतर विचारा, तुम्हाला या प्रश्नातून काय समजलं? निम्म्या चुका तिथेच सापडतात. 'सांगायचं नाही' हा पर्याय ठेवा आणि तो निवडणाऱ्यांना निकालात नास्तिकांत मिसळू नका.

निकाल लिहिताना प्रश्न वाक्यातच ठेवा. 'आमच्या कॉलेजात १४ टक्के नास्तिक' असं न लिहिता, 'देव खरोखर आहे असं वाटतं का, या प्रश्नाला २५० पैकी ३५ जणांनी, बहुतेक नसावा किंवा नाही, असं उत्तर दिलं'. लांबलचक होतं, चालेल.

आता दुसऱ्या बाजूने, उत्तर देणाऱ्याच्या. २०२७ च्या जनगणनेत माहिती स्वतः ऑनलाइन भरायची सोय जाहीर झाली आहे. घरात ती कोण भरणार हे आधी ठरवा आणि धर्माच्या रकान्याशी आल्यावर प्रत्येकाला त्याचं त्याचं विचारा. प्रगणक घरी आला तर उत्तर जसं सांगाल तसं त्याने नोंदायचं असतं. 'काय लिहिलंत ते वाचून दाखवता का?' असं विचारायला हरकत नाही. आतल्या खोलीतल्या नातीला तेवढी हाक मारा.